दोष बाणातच आहे

२५ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण शास्त्रीय आहे. नोंदी ठेवल्याशिवाय बाणाचा दोष सापडत नाही. घरात बोलायला कोणी नाही म्हणून लिहितोय, असं कोणी म्हणेल. पण तसं म्हणायलाही घरात कोणी नाही.

परिस्थिती अशी. साधी टोकं लावून वीस यार्डांवरून बाण मारले की सगळे मुठीएवढ्या जागेत बसतात. तेच बाण, तेच धनुष्य, तोच मी. फक्त टोकाला शिकारीची धारदार पाती लावली, की पहिला बाण डावीकडे, दुसरा खाली आणि तिसरा माझ्या बायकोने, मार्लिसने, पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात. भांडं सिमेंटचं होतं, तरी फुटलं. म्हणजे बाणात जोर आहे. ही जमेची बाजू.

निदान: पाती खराब. हरणांचा सीझन एक ऑक्टोबरला उघडतो. वेळ भरपूर आहे.

संध्याकाळी मार्लिसचा फोन आला. दर रविवारी येतो. ती गेल्या ऑगस्टपासून हवापालटाला मुलीकडे, जॅनेलकडे, ॲरिझोनात आहे. तिथली हवा कोरडी, गुडघ्यांना बरी. हवापालटात घाई करून चालत नाही. भांड्याचं काही बोललो नाही. उगाच लांबून काळजी करत बसायची.

२६ ऑगस्ट

यंदा कॅम्पला जायचंच. कॅम्प म्हणजे सासऱ्यांनी जंगलात बांधलेली लाकडी खोली. सासरे गेले, पण त्यांचा नियम राहिला. प्रत्येकाने घरून एक कागदी प्लेट आणायची, शिकारीच्याच पात्यांचे तीन बाण तिच्यातून गेलेले असले पाहिजेत, आणि ज्याने ते डोळ्यांनी पाहिलं त्याची प्लेटवर सही पाहिजे. सही नसेल तर तो माणूस मचाणावर चढत नाही. खाली बसून बाकीच्यांचा स्वयंपाक करतो. जखमी होऊन पळालेलं हरीण सासऱ्यांना सहन व्हायचं नाही, म्हणून हा बंदोबस्त.

माझ्या सगळ्या प्लेटांवर मार्लिसची सही आहे. ती कॉफीचा मग घेऊन मागे उभी राहायची आणि प्रत्येक बाणाआधी म्हणायची, "मूठ." म्हणजे धनुष्य आवळून धरू नकोस. बाणांच्या शास्त्रात तिला काही गम्य नाही, पण बिचारी थंडीत उभी राहते म्हणून मी ऐकून घ्यायचो. गेल्या वर्षी कॅम्पला गेलो नाही. पाठ दुखत होती.

यंदाचा प्लॅन पक्का आहे. बाण सरळ झाले की प्लेट, प्लेट झाली की मचाण, मचाणावरून हरीण. आमच्या घरी नोव्हेंबरात हरणाचे सॉसेज मार्लिसच करते. यंत्र तिचं, मसाला तिचा, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. यंत्र मी तेल घालून तळघरात झाकून ठेवलंय. फोनवर एवढंच सांगायचं, की मांस आलंय. मार्लिस काहीही करेल पण मांस वाया जाऊ देणार नाही. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआत ती घरी.

निर्धार: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

२९ ऑगस्ट

नवी पाती आणली. नवे बाणही आणले. बाण टेकवायचा आधार जरा उजवीकडे सरकवला. एका वेळी एकच हे खरं, पण दुकानात जायची वेळही एकच होती.

दुकानदार लायल फार बोलतो. म्हणे, साधं टोक माणसाच्या चुका पोटात घालतं, पाती त्या चव्हाट्यावर आणतात. पाती म्हणजे बाणाच्या तोंडाला लावलेले पंख. सुटताना जरासा हिसका बसला तरी बाण तिकडेच ओढला जातो. इथपर्यंत ठीक. मग म्हणाला, माझ्यासमोर दोन बाण मार, तुझा हात बघू दे. मी म्हटलं, बिघडलाय बाण, हात बघून काय करणार? गाडी बंद पडली म्हणून कोणी स्वतःची नाडी दाखवायला जातं का?

निकाल: एक बाण कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खांबात. बाण उपसताना खांबच निघाला. चालायचं. माझे चार शर्ट खुर्चीवरही वाळतात.

१ सप्टेंबर, रविवार

पाती सरळ बसली आहेत का ते बघायला बाण टेबलावर टोकावर उभे करून भोवऱ्यासारखे फिरवले. सगळेच डगमगले. मोठा शोध लागला म्हणून खूश झालो. मग लक्षात आलं की टेबल डगमगतंय. मार्लिस कित्येक वर्षं सांगत होती. पायाखाली पुठ्ठा घातला. आता टेबल जराही हलत नाही. एकट्याने जेवायला इतकं स्थिर टेबल लागत नाही खरं तर.

फोनवर टेबलाचं सांगितलं. बरं केलंस, म्हणाली. तिच्या मागे कोणीतरी बायका हसत होत्या. तिला कुंभारकामाच्या क्लासला जायचं होतं म्हणून लवकर ठेवला. मातीची भांडी बनवते तिथे. बनवू दे. परत आल्यावर पक्ष्यांचं भांडं करायला उपयोग होईल.

२ सप्टेंबर, सकाळ

अमेरिकेतल्या कामगार दिनाची सुट्टी. सगळं गाव मोठ्या तळ्यावर मासे तळायला. मी गेलो नाही. तिथे जो तो मार्लिस कशी आहे विचारतो आणि मग मान तिरकी करून ऐकतो. मला ती मान आवडत नाही.

त्याऐवजी कागद-चाचणी. लाकडी चौकटीवर वर्तमानपत्र ताणून बांधायचं आणि जवळून बाण मारायचा. भोक गोल पडलं तर बाण सरळ जातोय. फाटत गेलं तर ज्या बाजूला फाटलं तिकडे शेपूट वळतेय. माझा पहिला बाण डावीकडे फाटला, दुसरा उजवीकडे, तिसरा वर. चौथ्याला तर मृत्यूच्या बातम्यांचं अख्खं पान गेलं.

लायलला फोन केला. तो म्हणाला, यंत्रात दोष असला तर दरवेळी एकाच बाजूला फाटतं. दरवेळी वेगळं फाटत असेल तर दोष यंत्रात नाही. मग कशात, म्हणून विचारलं तर बरं, ठेवतो, म्हणाला आणि फोन ठेवला. त्यालाही माहीत नाही.

माझा निष्कर्ष: सोमवारचं वर्तमानपत्र पातळ असतं. शनिवारचं वापरून बघणार.

७ सप्टेंबर, शनिवार

शनिवारचंही तसंच फाटलं. कागदाचा दर्जा सगळीकडेच घसरलाय.

संध्याकाळी सॉना, म्हणजे अंगणातली वाफ घ्यायची खोली, तापवली. एकटा बसलो तरी लाकडं तेवढीच लागतात.

८ सप्टेंबर, रविवार

मार्लिसला कागदाची सगळी हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मूठ सैल ठेवतोस ना?" मी म्हटलं, अर्थात. फोन ठेवल्यावर बघतो तर तळहातावर रिसीव्हरच्या कडेचा वळ उठलेला. जुने फोन जडच असतात.

११ सप्टेंबर

नवी थिअरी. बाणाच्या शेपटाकडची पिसं सुटताना आधाराला घासत असणार. म्हणजे दोष पात्यांत नाही, पिसांत आहे. इतके दिवस आपण चुकीच्या टोकाकडे बघत होतो. पिसांना रंग फासून बाण मारायचा. जिथे रंग उमटेल तिथे घासतंय. लायल म्हणतो, पायाला मारायची पावडर फवार. माझ्याकडे नाही.

बाथरूमच्या खणात मार्लिसची लिपस्टिक सापडली. लाल, अर्धी वापरलेली. लग्नाकार्याला लावायची. तिला परत यायचं नसतं तर ती लिपस्टिक ठेवून गेली असती का? मी हे पूर्वीच लक्षात घ्यायला हवं होतं.

१४ सप्टेंबर, शनिवार

लिपस्टिक-चाचणी पार पडली. आधारावर रंगाचा ठिपकाही नाही. सगळा रंग माझ्या उजव्या गालावर आणि ओठाच्या कोपऱ्यात. धनुष्य पूर्ण ताणल्यावर शेपटाचं टोक गालाशी येतं, तेव्हा लागला असणार. कॉलरलाही लागला. निष्कर्ष: गाल वाढलाय. निर्धार: उद्यापासून रात्रीचं गोड बंद.

चाचणी चालू असतानाच डेल्बर्ट आला. डेल्बर्ट म्हणजे मार्लिसचा धाकटा भाऊ, कॅम्पच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. माझी करवत परत द्यायला आला होता. दारात माझ्याकडे बघितलं, माझ्या कॉलरकडे बघितलं, वरच्या मजल्याच्या खिडकीकडे बघितलं. कॉफी घे म्हटलं तर नको नको, पुन्हा येईन, म्हणाला. करवत पायरीवर ठेवून चोरपावलांनी गेला आणि गाडीत बसताना डोळा मारला. पंचावन्न वर्षांचा माणूस, डोळा काय मारतो?

तोंड धुतलं नाही. चाचणी पूर्ण व्हायची होती. शिवाय त्या लिपस्टिकला तिचा वास आहे. संध्याकाळभर घरात कोणीतरी असल्यासारखं वाटलं.

१५ सप्टेंबर, रविवार

फोन आला नाही. मी केला, कोणी उचलला नाही. क्लास असेल.

१७ सप्टेंबर

सगळा उलगडा झाला. दुकानात मांसाच्या काउंटरशी डेल्बर्ट भेटला. पाठीवर अशी थाप मारली की टोपी पडली. म्हणे, "लपवतोस कशाला, लेका? एवढी लाल लिपस्टिक म्हणजे आपल्या चर्चमधली नक्की नाही." आणि हे त्याने शनिवारीच फोन करून मार्लिसला सांगितलंय.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. तोंड मिटायचा निर्णय विचारपूर्वक होता. मार्लिसने रविवारी फोन का केला नाही? रागावली म्हणून. रागावली का? जळली म्हणून. जीव नसेल तर माणूस जळत नाही. जळू दे चार दिवस. मी हरणाच्या भरवशावर बसलो होतो आणि इथे लिपस्टिकनेच काम केलं. सीझन उघडायच्या आत ती विमानात असेल. मग सांगू, वेडे, तो बाण होता. आयुष्यभर हसू.

डेल्बर्टला दिसेल असं करून दोन चॉप्स घेतले. दोन्ही मीच खाल्ले.

२० सप्टेंबर

घर साफ केलं. चादरी बदलल्या. खांब पुन्हा रोवला, थोडा तिरका, पण दोरी टिकते. पक्ष्यांसाठी नवं भांडं आणलं. मेपलची पानं लाल व्हायला लागलीत. तिला ती आवडतात. ॲरिझोनात पानं लाल होत नाहीत, काटे असतात.

२२ सप्टेंबर, रविवार

आजही फोन नाही. चांगलीच पेटली आहे. प्लॅन झकास चाललाय.

बाणांचं मात्र बिघडलं. फोनकडे कान देऊन मारत होतो. एक बाण गॅरेजच्या पत्र्यातून आरपार गेला आणि मांस ठेवायच्या फ्रीझरमध्ये घुसला. फुस्स करून आवाज आला आणि फ्रीझर कायमचा गप्प झाला. रिकामाच होता, हे नशीब. पण आता हरीण आणलं तरी ठेवायचं कुठे, हा नवा प्रश्न. मार्लिस आल्यावर विचारू. तिला अशा गोष्टी सुचतात.

२५ सप्टेंबर, बुधवार

मार्लिसचा फोन आला.

मी आवाज मुद्दाम कोरडा ठेवला. तिने आधी हवा कशी आहे विचारलं. मग म्हणाली, "डेल्बर्टने सांगितलं. ऑरिन, मला इतकं बरं वाटलं."

मला वाटलं, टोमणा आहे. टोमणा नव्हता. दोन रविवार फोन केला नाही, कारण कसं सांगावं ते ठरवत होती. म्हणाली, रविवार आला की मी सकाळपासून फोनभोवती घिरट्या घालायचे. तू त्या टेबलाशी एकटा जेवत असशील असं डोळ्यांपुढे यायचं, आणि फोन केला नाही तर तुझ्याशी बोलणारं कोणीच उरणार नाही, म्हणून करत राहिले. वर्षभर सांगायचं टाळलं. ती येणार नाही. क्लासमधल्या दोन मैत्रिणींबरोबर तिने तिथे छोटं घर घेतलंय, अंगणात भट्टी आहे. सॉसेजचं यंत्र डेल्बर्टला द्यायला सांगितलं. त्याच्या सुनेला हवं आहे.

मग विचारलं, "तुझ्याशी नीट वागते ना ती?"

मी म्हटलं, "फार बोलत नाही."

मार्लिस हसली. मोकळी, मोठ्याने. असं हसणं या घरात किती वर्षांत ऐकलं नाही मी. लिपस्टिक तुझीच आहे मार्लिस, हे वाक्य जिभेवर तयार होतं. तेवढं म्हटलं असतं तर ती हसायची थांबली असती, आणि पुढच्या रविवारी पुन्हा नाइलाजाने फोन केला असता. नाही म्हटलं.

आता दर रविवारी करायला नको ना, असं तिने विचारलं. नको, म्हटलं. मग आम्ही दोघांनी फोन ठेवला.

२६ सप्टेंबर

काही नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

फोन येणार नव्हता. तरी दुपारपर्यंत त्याच्याजवळ बसलो. सवय.

मग धनुष्य घेऊन बाहेर गेलो. कोणती थिअरी नव्हती, काही बदललंही नव्हतं. फोमच्या ठोकळ्यावर प्लेट लावली, शिकारीची पाती चढवली. हातात जोरच नव्हता. धनुष्य पकडलं असं म्हणता येणार नाही. ते नुसतं हातावर टेकलं होतं. तीन बाण सोडले.

तिन्ही मधोमध. इतके जवळ की एकाची पिसं दुसऱ्याला लागून चुरगळली. आयुष्यात इतके चांगले मारले नाहीत मी.

मागे वळलो आणि म्हणालो, "बघितलंस?"

मागे तिरका खांब होता. दोरीवर माझे चार शर्ट. मला फार एकटं वाटलं. इतकं की तिथेच गवतावर बसलो, आणि प्लेट मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत उठलो नाही. हे इथे लिहायला हरकत नाही.

शास्त्रीय नोंद: दोष गेला. कारण बहुधा थंडी. थंडीत बाण ताठ होत असावेत.

३० सप्टेंबर, कॅम्प

सॉसेजचं यंत्र डेल्बर्टच्या गाडीत ठेवून दिलं आणि प्लेट त्याच्या हातात दिली. त्याने शिट्टी मारली. तिन्ही भोकांचं मिळून एकच भोक झालंय. मग उलटून पालटून बघितली. सही कुठेय, म्हणाला. मग खिशातून पेन काढलं आणि बाकीच्यांकडे बघून म्हणाला, "बाईसाहेब विसरल्या वाटतं. नाव सांग तिचं, मी लिहितो."

सगळे हसले. एखादं नाव सांगायला काय लागत होतं? मी मनात एक निवडलंही होतं. पण भिंतीवर समोरच माझ्या जुन्या प्लेटा ठोकलेल्या, त्यांवर मार्लिसच्या सह्यांची रांग होती. तिने एकही न बघता केली नव्हती.

"कोणी नव्हतं," मी म्हणालो.

"बरं, पण त्या शनिवारी तरी..."

"तेव्हाही नव्हतं. लिपस्टिक बाणाला लावली होती. पिसं घासतात का बघायला. लिपस्टिक मार्लिसची."

कोणी हसलं नाही. डेल्बर्टने टोपी काढली, पुन्हा घातली. मला बाहेर सरपणाशी घेऊन गेला. म्हणाला, मीच मूर्ख, आत्ताच तिला फोन करून सांगतो.

"सांगायचं नाही," मी म्हणालो. "ती खूश आहे. तू शपथ घे."

त्याने घेतली. मग म्हणाला, प्लेटवर मीच सही करतो, मी पाहिलं असं समज. मी म्हटलं, तू पाहिलं नाहीस. मग आत्ता माझ्यासमोर मार, म्हणाला. मारले. तो जवळ उभा राहून बघत होता. पहिला डावीकडे, दुसरा खाली, तिसरा कॅम्पच्या संडासाच्या दारात. आत कोणी नव्हतं.

थंडी कमी झाली असावी.

१ ऑक्टोबर

सीझन उघडला. उजाडायच्या आधीच सगळे मचाणांवर गेले. जाताना डेल्बर्टने माझी बिनसहीची प्लेट भिंतीला ठोकली, मार्लिसच्या रांगेच्या शेवटी.

मी खाली आहे. आठ जणांचे बटाटे सोलायचे आहेत, सलगम चिरायचाय, कांदा वेगळा. बाहेर धुकं आहे आणि जंगलात कसलाही आवाज नाही. बोट दोनदा कापलं. सुरीत काहीतरी दोष आहे. उद्यापासून नोंदी ठेवणार.